दप्तर बुडू नये म्हणून
— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



या पानावर आपण एरवी लागण, बेणेबदल, हुमणी, खोडव्याची मशागत असे विषय वाचता. या अंकात दप्तराविषयी लिहीत आहे. दप्तर म्हणजे ऑफिसातल्या क्लार्कचे काम, त्याच्याशी आपला काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. परंतु आपला ऊस फडातून गव्हाणीपर्यंत जातो तो नोंदीच्या जोरावर, आणि त्याचे पैसे खात्यावर येतात तेही नोंदीच्याच जोरावर. शिवाय आपल्यापैकी अनेक जण नुसते ऊस उत्पादक नाहीत. कोणी विकास सोसायटीचे संचालक आहेत, कोणी दूध संस्थेचे सचिव आहेत, कोणाचे खत-औषधांचे दुकान आहे, कोणाचे दोन ट्रॅक्टर वाहतुकीला आहेत, कोणाची रोपवाटिका आहे. या सर्व लहान धंद्यांचे आणि संस्थांचे दप्तर गेल्या काही वर्षांत वहीतून संगणकात गेले. वहीला वाळवी लागते, पाणी लागते, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. संगणकातला डाटा कसा जातो, आणि त्याची दुसरी प्रत कोठे व कोणाकडे ठेवावी, याचा विचार मात्र फार थोड्या ठिकाणी झालेला दिसतो.

नोंदीवर काय काय अवलंबून आहे

आपल्या लागण नोंदीचेच उदाहरण घ्या. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख एवढ्या चार गोष्टींवर तोडणीचा सगळा कार्यक्रम उभा असतो. समजा, शेजारी शेजारी दोन आडसाली फड आहेत, दोन्ही को ८६०३२ चे. एकाची लागण १५ जुलैची, दुसऱ्याची ५ ऑगस्टची. नोंद शाबूत असेल तर पाळी कोणाची आधी याबद्दल वाद नाही. नोंद गेली, तर दोघेही आपली लागण आधीची म्हणणार, आणि त्यात त्यांचे फारसे चुकते असेही नाही, कारण फेब्रुवारीनंतर उभ्या उसाचे वजन घटू लागते हे प्रत्येकाला कळते. आम्ही फडात जाऊन कांड्या मोजू, वय अंदाजे सांगू. परंतु तीन आठवड्यांचा फरक कांड्या मोजून ठरवता येत नाही. पाणी कमी-जास्त झाले, खताचा हप्ता पुढे-मागे झाला, की अंदाज चुकतो.

दुसरे वजनकाट्याचे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. काट्यावरच्या संगणकातील वजनांची नोंद नाहीशी झाली म्हणून हे १४ दिवस थांबत नाहीत. बिल कशावरून काढायचे? सभासदाकडच्या वजन पावत्यांवरून. त्या किती जणांकडे सापडतील हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे.

तिसरे सोसायटीचे. उसाच्या बिलातून पीककर्जाची वसुली होते. म्हणजे कारखान्याकडील वजन, सोसायटीकडील येणे बाकी आणि बँकेकडील खाते, या तीन दप्तरांचा मेळ बसला तरच शेतकऱ्याच्या हातात योग्य रक्कम पडते. तिघांपैकी एकाचे दप्तर गेले की उरलेल्या दोघांचे कामही अडते. मग "तुमची बाकी एवढी होती" आणि "नाही, मी तर भरली होती" या वादात हंगाम निघून जातो.

पाणी, आग आणि कुलूप

दप्तरावर येणारी संकटे तीन तऱ्हेची असतात. त्यांचा स्वभाव वेगवेगळा आहे म्हणून वेगवेगळी सांगतो.

पहिले पाणी. कृष्णा-पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना ऑगस्ट २०१९ विसरणे शक्य नाही. सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुन्हा दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, तेच पाणी दारात. २००५ चा पूर पाहिलेल्यांनी त्या खुणेच्या हिशेबाने सामान माळ्यावर चढवले होते, आणि २०१९ ला पाण्याने ती खूण ओलांडली. संगणक टेबलावर, बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात, आणि जुन्या वह्या त्याच खोलीतल्या कपाटात, अशी मांडणी असेल तर तीन प्रती असूनही प्रत्यक्षात एकच आहे. पाण्याला खण आणि कपाट वेगळे वाटत नाही.

दुसरी आग. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथा, पाचवा व सहावा मजला जळाला, पाच माणसे दगावली आणि असंख्य फायली खाक झाल्या. राज्याच्या कारभाराचे ते मुख्य ठिकाण. तिथे असे होऊ शकते, तर पत्र्याच्या छपराखाली एकाच बोर्डावर पंखा, संगणक, दुधाचे फॅट मशीन आणि चहाची शेगडी चालवणाऱ्या संस्थेने काय समजावे?

तिसऱ्या तऱ्हेला मी कुलूप म्हणतो. बाहेरचा कोणीतरी इसम ई-मेलच्या किंवा इंटरनेटच्या वाटेने संगणकात शिरतो, सगळ्या फायलींना आपले कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. याला रॅन्समवेअर म्हणतात; सरळ मराठीत खंडणी. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे संगणक असेच बंद पडले आणि जवळपास दोन आठवडे तेथील नोंदणी हाताने कागदावर करावी लागली. आपल्या जास्त जवळची घटना ३१ जुलै २०२४ ची. लहान सहकारी व ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर असाच हल्ला झाला. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने खबरदारी म्हणून त्या कंपनीची जोडणी तोडली. परिणाम असा झाला की देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे यूपीआयसारखे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. यात त्या बँकांनी स्वतः काही केले नव्हते. त्यांनी काम ज्याच्याकडे सोपवले होते, त्याच्या दारात चोर आला होता.

या तिन्हींतला फरक लक्षात घ्या. पाणी आणि आग जागेला धरून येतात. प्रत दुसऱ्या गावी असेल तर वाचते. कुलूप मात्र तारेवरून येते. दुसऱ्या गावची डिस्क जर चोवीस तास याच संगणकाला इंटरनेटने जोडलेली असेल, तर तीही त्याच रात्री कुलूपबंद होऊ शकते. म्हणून एक प्रत लांब हवी आणि एक प्रत तोडलेली हवी, म्हणजे कोणत्याही तारेला न जोडलेली. एकाच प्रतीत दोन्ही साधत असेल तर उत्तमच.

दोन प्रश्न आधी विचारावेत

बॅकअप दररोज घ्यावा की आठवड्याला, कितीचा खर्च करावा, याचे एक उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. मोठ्या कंपन्या याचे आराखडे करतात, त्यांचे कागद जाडजूड असतात. पण त्या सगळ्याच्या मुळाशी दोनच प्रश्न आहेत आणि ते मासिक सभेत अर्ध्या तासात सुटतील असे आहेत. पहिला, किती दिवसांच्या नोंदी गेल्या तर आपण त्या पुन्हा उभ्या करू शकतो? दुसरा, किती वेळ काम बंद राहिले तर सभासद निभावून नेतील?

दूध संस्था घ्या. सकाळ-संध्याकाळ संकलन. १२० उत्पादक. बॅकअप दर शनिवारी रात्री घेतला जातो असे समजा, आणि पुढच्या शुक्रवारी रात्री संगणक गेला. रविवार ते शुक्रवार सहा दिवस, म्हणजे बारा वेळचे संकलन. १२० गुणिले १२, एक हजार चारशे चाळीस नोंदी गेल्या. प्रत्येकीत लिटर, फॅट आणि एसएनएफ. उत्पादकांकडे छापील स्लिपा असल्या तर त्या गोळा करून चार दिवसांत भरता येतील. स्लिपा दिल्याच नसतील, नुसता मोबाईलवर मेसेज जात असेल, तर भांडण आलेच. अशा संस्थेने दररोज रात्री प्रत घेतली पाहिजे, आणि वर स्लिपही दिली पाहिजे.

याउलट पाणीपुरवठा संस्था. तिची आकारणी पाळीनुसार. आठ दिवस संगणक बंद राहिला तरी पाणी थांबत नाही, पाटकरी वहीत टिपून ठेवतो. तिला आठवड्याची प्रत पुरे. खताच्या दुकानाला रोजच्या साठ्यापेक्षा उधारीची खतावणी जपायची असते, कारण साठा डोळ्यांनी मोजता येतो, उधारी मोजता येत नाही. आमच्या काट्याचे बोलाल तर हंगामात एक तास बंद म्हणजे गेटबाहेर गाड्यांची रांग. म्हणून तिथे हातपावतीची पुस्तके तयार ठेवावी लागतात, बॅकअप कितीही चांगला असो.

थोडक्यात, ज्या नोंदीचा दुसरा पुरावा कुठेच नाही, ती सर्वांत आधी जपावी.

प्रत ठेवावी कोठे

संगणकवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे. एकूण तीन प्रती, त्या दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्याला हे नवीन वाटू नये. बेणेमळ्याचे आपण असेच करतो. सगळे बेणे एकाच प्लॉटवर अवलंबून ठेवत नाही. एका प्लॉटला काणी लागली किंवा पाणी साचले तर दुसऱ्या गटातले बेणे हाताशी असते.

दुसरे ठिकाण म्हणजे किती दूर? सचिवांचे घर दुसऱ्या गल्लीत असेल तर ते दुसरे ठिकाण झाले नाही. नदीकाठच्या गावाने शेजारच्या नदीकाठच्या गावात प्रत ठेवली तरीही उपयोग नाही, पूर दोन्हीकडे एकाच रात्री येतो. प्रत माळावरच्या गावात पाहिजे. शिरोळच्या बाजूच्या संस्थेची प्रत जत-विट्याकडे असेल तर ती खरी दुसऱ्या ठिकाणी. पै-पाहुणे तिकडे असतातच. त्याहून चांगला मार्ग म्हणजे दोन संस्थांनी आपसात ठराव करून एकमेकींच्या डिस्क कपाटात ठेवणे. आपली डिस्क तिथे, त्यांची इथे. भाडे नाही, आणि दोघांनाही जबाबदारीची जाणीव राहते.

डिस्क दोन घ्याव्यात. एक आत, एक बाहेर, आठवड्याला अदलाबदल. प्रत घेऊन झाली की डिस्कची वायर काढावी. कंटाळ्याने ती तशीच लावून ठेवलेली फार ठिकाणी आढळते. पेन ड्राइव्हवर विसंबू नका. तो नेण्या-आणण्यापुरता ठीक, वर्षानुवर्षे ठेवण्याची वस्तू नव्हे. डिस्कमधील फायलींना परवलीचा शब्द म्हणजे पासवर्ड घालावा, कारण त्यात सभासदांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक असतात आणि ती डिस्क एस.टी.त विसरू शकते. तो पासवर्ड एकट्या सचिवाच्या डोक्यात असू नये. बंद लिफाफ्यात लिहून, वर दोघांच्या सह्या घेऊन, चेअरमन आणि बँकेचे लॉकर अशा दोन जागी असावा.

दुसऱ्याच्या हाती सोपवताना

आता भाड्याच्या साठवणीकडे येऊ, ज्याला क्लाउड म्हणतात. नाव ढगाचे असले तरी वस्तू जमिनीवरच असते. कोणा कंपनीच्या मोठ्या इमारतीत हजारो संगणक रांगेने मांडलेले असतात, त्यांना गार हवा, दुहेरी वीज, पहारा असतो, आणि त्यातली थोडी जागा आपण महिन्याच्या भाड्याने घेतो. अशा इमारती नवी मुंबईत आहेत, पुण्यात आहेत. आपला माल गोदामात ठेवून पावती घेण्यासारखाच हा व्यवहार.

लहान संस्थेने हे करावे का? माझ्या मते करावे. पतसंस्थेच्या मागच्या खोलीतल्या संगणकापेक्षा ती इमारत शंभर पट बरी. परंतु गोदामात माल टाकला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे समजणारे फसतात. याचे फार बोलके उदाहरण फ्रान्सचे आहे. ऱ्हाईन नदीकाठच्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच नावाच्या मोठ्या कंपनीची साठवण केंद्रे आहेत. ९ व १० मार्च २०२१ च्या मधल्या रात्री त्यांतल्या एका पाच मजली इमारतीला आग लागली आणि ती पूर्ण जळाली. शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. जीवितहानी झाली नाही. लाखो संकेतस्थळे बंद पडली. ज्यांची प्रत दुसऱ्या शहरात होती ते काही दिवसांत पुन्हा उभे राहिले. काही ग्राहकांनी मात्र बॅकअपचे वेगळे पैसेही भरले होते, आणि त्यांना नंतर कळले की तो बॅकअप त्याच इमारतीत ठेवलेला होता. प्रकरण कोर्टात गेले, २०२३ साली लिल येथील व्यापारी न्यायालयाने अशा ग्राहकाच्या बाजूने भरपाईचा निकालही दिला. पैसे मिळोत वा न मिळोत, जळालेला डाटा काही परत आला नाही.

म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न हाच: माझी प्रत कोणत्या शहरात आहे आणि दुसरी प्रत कोणत्या? "सगळं क्लाउडवर आहे साहेब, काळजीच नको" हे उत्तर नव्हे. मुंबई असे उत्तर आले तर दुसरे शहर कोणते ते विचारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हा मुंबईलाही पाण्याचे भय आहेच. मोठ्या कंपन्यांची एकाहून अधिक शहरांत ठाणी असतात. उदाहरणार्थ, ॲमेझॉनचे एक मुंबईत २०१६ पासून आणि दुसरे हैद्राबादेत २०२२ पासून आहे. पण दुसऱ्या ठाण्यावरची प्रत आपोआप मिळत नाही, ती मागून घ्यावी लागते आणि तिचे भाडे वेगळे पडते.

दुसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण यात सर्वांत जास्त लोक चुकतात. संगणकातील फोल्डर इंटरनेटवर आपोआप उतरत राहणे आणि बॅकअप, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपोआप उतरणारी प्रत ही आरशासारखी असते. इथे फाईल पुसली की तिथेही पुसली जाते. इथे कुलूप लागले की तिथेही कुलूपच दिसते. खरा बॅकअप तोच, ज्यात कालची, परवाची, महिन्यापूर्वीची प्रत वेगळी राहते. चुकीची नोंद किंवा अफरातफर महिन्याने उघडकीस येते, त्या वेळी जुनी प्रत लागते. तेव्हा जुन्या प्रती किती दिवस ठेवता हे विचारा, आणि तीस दिवसांहून कमी असेल तर दुसरा पुरवठादार पाहा.

तिसरे, खाते कोणाच्या नावावर? पुष्कळ संस्थांचे बॅकअप सचिवाच्या किंवा संगणक चालवणाऱ्या मुलाच्या खासगी ई-मेलवर असतात. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, मोबाईल नंबर बदलला, की संस्थेचे दप्तर त्याच्याबरोबर गेले. खाते संस्थेच्या नावावर, बिल संस्थेच्या नावावर, आणि पासवर्ड बदलण्याचा अधिकार ठरावाने दोघांना.

चौथे, सोडून जाताना काय? करार संपल्यावर डाटा परत देणार का, किती दिवसांत, आणि तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा रूपात देणार की नाही, हे आधी लिहून घ्यावे. तालुक्याच्या गावचा सॉफ्टवेअरवाला चांगला माणूस असेल, पण एकट्या माणसाचा धंदा आहे. तो आजारी पडला तर किल्ली कोणाकडे? करारातील भरपाईचे कलमही वाचावे. बहुधा ते भाड्याच्या रकमेपुरतेच मर्यादित असते.

कायद्याचेही वळण याच दिशेने आहे. कंपन्यांसाठी २०२२ साली नियम बदलून हिशेबाच्या पुस्तकांची प्रत दररोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे सक्तीचे झाले. सहकारी संस्थांना तो नियम लागू नाही, तरी धडा घ्यायला हरकत नाही. विकास सोसायट्यांसाठी केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये सुमारे ६३,००० संस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, नाबार्डमार्फत एकच सॉफ्टवेअर देण्याची. आपल्या सोसायटीचा डाटा त्या मार्गाने मध्यवर्ती ठिकाणी जात असेल तर चांगलेच आहे. तरीही मार्चअखेरच्या सभासदवार बाक्यांची यादी कागदावर छापून, सह्या घेऊन बँकेत एक प्रत द्यावी. चारशे सभासदांची यादी म्हणजे दहा-बारा पाने.

उगवण चाचणी

बियाणे पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतो. बॅकअपचे तसे कोणी करत नाही. डिस्कवर फाईल दिसते म्हणजे ती उघडतेच असे नाही. कधी प्रत अर्धवट झालेली असते, कधी तीन महिन्यांपूर्वीच थांबलेली असते आणि पडद्यावरची लाल सूचना कोणी वाचलेली नसते.

हंगाम संपल्यावर आणि मृग निघण्याआधी एक दिवस यासाठी काढावा. बाहेर ठेवलेली डिस्क आणावी, ऑफिसाचा नव्हे तर दुसराच संगणक घ्यावा, आणि त्यावर कालपर्यंतचे दप्तर उभे करून पाहावे. किती वेळ लागला तो घड्याळ लावून लिहून ठेवावा. मग कोणतेही पाच सभासद निवडून त्यांच्या पासबुकाशी बाकी ताडून बघावी. भाड्याच्या साठवणीचेही तेच. सगळा डाटा खाली उतरवायला गावच्या इंटरनेटवर एक तास लागतो की तीन दिवस, हे संकटाच्या आधी कळलेले बरे.

भिजलेच तर

एवढे करूनही पाणी आत आले तर काय? वीज बंद केल्याशिवाय संगणकाला हात लावू नये. भिजलेला संगणक किंवा डिस्क "चालते का बघू" म्हणून सुरू करू नये, उन्हात किंवा हीटरसमोर वाळवूही नये. आतली तबकडी पुष्कळदा शाबूत असते, सुरू करण्याच्या घाईने ती खराब होते. तशीच पिशवीत घालून जाणकाराकडे द्यावी.

वह्या भिजल्या असतील तर चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. चिखल असेल तर वही मिटलेली ठेवून स्वच्छ पाण्याने हलके धुवावी. सावलीत, पंख्याखाली, पानांत टिपकागद किंवा कोरा कागद घालून वाळवावी. कागद ओला झाला की बदलावा. कडक उन्हात पाने वाकतात आणि चिकटतात. दोन दिवसांत बुरशी धरू लागते, आणि वह्या जास्त असतील तर तेवढ्यात सगळ्या वाळत नाहीत. अशा वेळी वह्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. हे ऐकून हसू येईल, पण जुनी कागदपत्रे जपणारी मोठी ग्रंथालये असेच करतात. गोठलेल्या कागदाला बुरशी लागत नाही आणि आपल्याला सवड मिळते.

घरचे कागद

शेवटी प्रत्येक सभासदाच्या घरातल्या ट्रंकेविषयी. कागदांचे दोन गठ्ठे करा. जे सरकारकडून पुन्हा मिळतात त्यांची फार चिंता नको. सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीचे मिळतात. आधार, वाहन परवाना वगैरे डिजिलॉकरमध्ये उघडता येतात. दुसरा गठ्ठा असा, जो फक्त आपल्याकडे आहे: वजन पावत्या, लागण नोंदीची पावती, तोडणी-वाहतुकीचे करार, मुकादमाला दिलेल्या उचलीच्या सह्या, पाणीपट्टीच्या पावत्या, भाऊबंदांतील वाटणीचे कागद, शेअर सर्टिफिकेट. यांचे मोबाईलवर फोटो काढा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण मोबाईलही पाण्यात पडतो. तेच फोटो बाहेरगावी असलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे पाठवून त्यांना संगणकावर उतरवून ठेवायला सांगा. मूळ कागद जाड प्लॅस्टिक पिशवीत, पुराच्या खुणेच्या वर.

आपली लागण नोंद गट ऑफिसातील यादीशी एकदा ताडून पाहा. तारखेत, जातीत किंवा क्षेत्रात फरक आढळला तर चिटबॉयला तोंडी सांगून सोडू नका. अर्ज लेखी द्या, आणि त्याच्या पोचेचा फोटो वरच्या गठ्ठ्यात घाला.